एक वीत पुढे

"तोंडातल्या टाचण्या काढा," ती म्हणाली.

समोरच्या स्टुलावर बसलेल्या तरुणाने दचकून ओठांना हात लावला. तीन टाचण्या होत्या. त्या त्याने एकेक करून काढल्या, कॉलरच्या मागे खोचल्या आणि इतका ओशाळला की त्याचे कान लाल झाले.

"सवय आहे," तो म्हणाला. "जेवायला बसायच्या आधी आई तोंड उघडून दाखवायला लावते."

रांगेतले लोक हसले. ती हसली नाही. ओळखपत्राच्या कार्यालयात फोटोच्या खिडकीमागे सहा वर्षं काढल्यावर हसू आवरणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. दिवसाला दीडशे माणसं त्या स्टुलावर येऊन बसत आणि ती दीडशे वेळा तेच सांगे – समोर बघा, हसू नका, हलू नका. कार्यालयात सगळे तिला 'हलू-नका बाई' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

"जरा मागे सरका."

तो सरकला. ती बटण दाबणार तोच पुन्हा पुढे आला.

"अहो, पाठ टेकवा ना भिंतीला!"

"टेकवली होती की..."

"मग परत पुढे का येता?"

"तुम्ही काहीतरी सांगताय असं वाटलं."

"मी काही सांगत नाहीये. फोटो काढतेय."

चौथ्या खेपेला एकदाचा फोटो निघाला. त्याचा फॉर्म बाजूला ठेवता ठेवता तिची नजर व्यवसायाच्या रकान्यावर गेली. 'नाटकाचे कपडे शिवणे व भाड्याने देणे.' इतका वेळ कोरडी ठणठणीत असलेली ही बाई एकदम खिडकीतून अर्धी बाहेर आली.

"तुमच्याकडे राणीचा पोशाख मिळेल?"

"कुठल्या राणीचा?" तो उठता उठता थांबला. "चिडलेल्या, कट करणाऱ्या, की नुसत्याच कंटाळलेल्या?"

"कंटाळलेल्या."

"मिळेल. तिचा झगा जरा मळखाऊ आहे."

आता मात्र तिला हसू आलं. ते लपवायला तिने खाली वाकून टेबलाचा खण उघडला. खणात काहीच नव्हतं. तरी ती बराच वेळ त्यात बघत राहिली.

त्याचं असं होतं. आठवडाभर लोकांचे चेहरे आहेत तसे टिपणारी ती, रविवारी स्वतःचा चेहरा काही केल्या आहे तसा ठेवत नसे. ती आत्याकडे राहायची. आत्याच्या घराला माडी होती आणि माडीवरच्या रिकाम्या खोलीला उत्तरेकडे मोठी खिडकी. तिथे वडिलांचा जुना, फिल्मचा कॅमेरा तिपाईवर चढवून ती स्वतःचेच फोटो काढायची. मागे चादरीचा पडदा, पुठ्ठ्याचे खांब, आणि मध्ये ती – कधी पोस्टमन, कधी जादूगार, कधी भल्या मोठ्या हॉटेलातली आचारीण. लहानपणी तिला सगळे 'अगदी आईसारखी' म्हणत. आई गेल्यावर 'आत्याच्या वळणावर गेली' म्हणू लागले. ऑफिसात तर हलू-नका बाईच. आपण नक्की कोण, हे कोणी धड सांगेना, तेव्हा तिने एकेकीला अंगावर घालून बघायचं ठरवलं. जी नीट बसेल ती ठेवून घ्यायची.

आणि यंदा तो खेळ नुसता खेळ राहिला नव्हता. लांबच्या एका शहरातल्या फोटोग्राफीच्या शाळेत दोन वर्षं शिकायची शिष्यवृत्ती होती. बारा फोटोंचा संच पाठवायचा, तिशीच्या आत असायला हवं. ती एकोणतीस वर्षांची होती. चार फोटो झाले होते. हे साधलं नाही तर जन्मभर दीडशे माणसांना हलू नका म्हणायचं, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

त्या रविवारी झगा घेऊन तो स्वतःच आला. लांबी तिच्या अंगावर बघूनच कमी करावी लागेल म्हणाला. माडीवर पाऊल टाकलं तर खोलीच्या मधोमध, खुर्चीला बांधलेला, टोपी घातलेला झाडू.

"हे कोण?"

"माझ्या जागी उभा राहतो," ती म्हणाली.

एकाच वेळी कॅमेऱ्यामागे आणि कॅमेऱ्यासमोर कोण असणार? म्हणून आधी झाडू उभा करायचा. भिंगातून बघत, भिंगाभोवतीचं कडं फिरवत, त्याच्यावर चित्र नेमकं स्पष्ट करून घ्यायचं. मग झाडू उचलायचा, कॅमेऱ्याची कळ दाबायची आणि दहा सेकंदांत धावत जाऊन खडूच्या रेघेवर झाडूच्या जागी आपण उभं राहायचं. खिडकीतला उजेड मंद, त्यामुळे चुकीला जागाच नव्हती. वीतभर पुढे-मागे झालं की चेहरा पुसट.

"झाडू काही बोलतो?" त्याने गुडघ्यांवर बसून झग्याची कड दुमडत विचारलं.

"नाही. म्हणून तर आवडतो."

"मीही फारसा बोलत नाही."

"दिसतंय."

तेवढ्यात खिडकीतून वारा आला आणि झाडू टोपीसकट आडवा झाला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. "दमला असेल बिचारा," तो म्हणाला. आणि तिने, का कोण जाणे, विचारलं, "एक मिनिट उभे राहता का तिथे?"

तो उभा राहिला. ते एक मिनिट आठ रविवार चाललं.

भिंगातून बघताना आधी सगळं धुक्यात असायचं. कडं फिरवलं की धुक्यातून तो हळूहळू वर यायचा. कान, खांदे, मग शर्टाचं सगळ्यात वरचं बटण. त्या बटणावर ती नजर रोवायची, कारण तो उंच होता आणि तिचे डोळे बरोबर त्या उंचीवर यायचे. बटणाच्या वर त्याचा गळा. तो आवंढा गिळायचा तेही तिला दिसायचं. एखाद्याकडे इतका वेळ निवांत बघत राहायची सोय तिला जन्मात पहिल्यांदाच मिळाली होती, आणि तीही कामाच्या नावाखाली! चित्र स्पष्ट झाल्यावरसुद्धा ती कडं उगीच इकडे-तिकडे फिरवत राही.

"झालं का?" तो विचारायचा.

"नाही अजून. हलू नका."

ढग आला की उजेड जायचा आणि थांबावं लागायचं. अशाच एका ढगात तिने त्याला शिष्यवृत्तीचं सांगून टाकलं होतं. बाहेर पावसाची भुरभुर, आत तो पुठ्ठ्याच्या खांबाला टेकलेला, आणि ती अंगावरच्या पोशाखात. गंमत अशी की पोशाख चढला की तिची जीभ सुटायची.

"ए खलाशा," कप्तानाच्या कोटात ती म्हणाली, "आमच्या जहाजावर येणार का?"

"काम काय असेल?"

"माझ्या शेजारी उभं राहायचं. वादळात."

"आणि वादळ नसेल तेव्हा?"

"तेव्हाही."

तो खांब सोडून सरळ झाला आणि नुसता बघत राहिला. राणी तर कप्तानाच्याही पुढे होती. "जवळ या... आणखी. आज्ञा आहे." तो हातभर अंतरावर येऊन थांबला तेव्हा राणीच्या कपाळावर घाम आला होता. सर्कशीतली दोरीवरून चालणारी म्हणाली, "मी पडले तर झेलशील?" त्याने हात पसरले. जिन्यातून लगेच आत्याचा आवाज आला. माडीवर एक तरुण पुरुष येतो म्हणून आत्या दर रविवारी जिन्यात लसूण सोलत बसायची.

"दार उघडं आहे ना गं?"

"आहे, आत्या!"

"मग आवाज का येत नाही?"

पण फोटो झाला, पोशाख उतरला आणि ती आपल्या कपड्यांत पडद्याबाहेर आली की ती सगळी ऐट कुठल्या कुठे जायची. मग जमिनीकडे बघत ती एवढंच म्हणायची, "पुढच्या रविवारी... वेळेवर या." तोही मान डोलवायचा, पोशाखाची घडी करायचा आणि निघून जायचा. त्याची पावलं जिना उतरून गेली की खोली एकदम मोठी वाटायची.

फिल्म धुऊन देणारा दुसऱ्या गावी होता. सगळे रोल तिने एकदमच पाठवले. फोटोंचं पाकीट एका गुरुवारी ऑफिसात आलं. शेवटच्या तारखेला दहा दिवस होते.

झाडू उभा करून काढलेले चार फोटो लख्ख होते. बाकीच्या आठांत तिला डोळे नव्हते. म्हणजे होते, पण पुसट, काचेवर फुंकर मारावी तसे. आणि राणीने पुढे केलेल्या हातातली अंगठी मात्र कशी कोरल्यासारखी! कप्तानाच्या दुर्बिणीचं टोक स्पष्ट, न्यायाधीशाची पुढे आलेली हातोडी स्पष्ट. जे जे तिच्यापेक्षा वीतभर पुढे होतं, ते सगळं नीट आलं होतं. चुकलं कुठे हे कळायला तिला क्षणभरही लागला नाही. जेवणाचा डबा तसाच ठेवून ती तडक त्याच्या दुकानात गेली.

"खडूच्या रेघेवर उभं राहायला सांगितलं होतं ना मी?" तिने फोटो त्याच्या टेबलावर आपटले.

"रेघेवरच तर होतो! पाय एक इंचसुद्धा..."

"पाय होते! आणि बाकीचा तू?"

रागाच्या भरात 'तुम्ही'चं 'तू' झालं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. त्याने फोटो उचलले. एकेक, बराच वेळ बघितला. आठवा फोटो बघून झाल्यावर त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"म्हणजे मी पुढे झुकत होतो," तो हळूच म्हणाला.

"वीतभर! आठही वेळा! झाडू बरा होता तुझ्यापेक्षा. मुद्दाम केलंस ना? मी जाऊ नये म्हणून?"

"मुद्दाम केलं असतं तर आठही वेळा इतकं बरोबर वीतभर जमलं नसतं." त्याने फोटो नीट रचून ठेवले. "तुम्ही बघत होतात. मला कळलंच नाही मी कुठे चाललोय ते."

तिने फोटो पुन्हा आपल्याकडे ओढले. राग होता, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी धडधडत होतं.

"मग बोलायचं होतंस तसं," ती म्हणाली.

"कोणाशी?" त्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "कप्तानाने मला जहाजावर बोलावलं. राणीने जवळ बोलावलं. ती दोरीवरची म्हणाली, झेलशील का. मी घरी जाऊन विचार करत बसायचो की हे मला विचारतंय कोण? कारण तुम्ही तुमच्या कपड्यांत आलात की म्हणता, पुढच्या रविवारी वेळेवर या."

"ते सगळं मीच म्हणत होते..."

"असेल. नाटकवाल्यांचे कपडे शिवतो मी. पोशाखात माणसं काय वाटेल ते बोलतात, मी पाहिलंय. मला ते तुमच्याकडून ऐकायचंय. अशा." त्याने तिच्याकडे बोट दाखवलं – ऑफिसचा करडा ड्रेस, गळ्यात ओळखपत्र, विस्कटलेली वेणी.

बोलायची वेळ होती ती. तिने तोंड उघडलं. बारा जणींच्या तोंडी भराभर वाक्यं घालणाऱ्या तिला स्वतःसाठी एक वाक्य सुचेना. तो वाट बघत होता, आणि तो जितकी वाट बघत होता तितकी तिची जीभ टाळ्याला चिकटत होती.

"रविवारी या," ती शेवटी पुटपुटली. "आठही परत काढायला लागतील. वेळेवर."

तो आला. वेळेच्या आधी आला. आठ पोशाखांचं गाठोडं आणि मोजपट्टी घेऊन आला. मोजपट्टीचं एक टोक तिने भिंगाशी धरायचं, दुसरं त्याने आपल्या बटणाशी, मग त्याने पाठ लाकडी फळीला टेकवायची, असा बेत त्याचाच. "आता चुकायची सोयच नाही," तो म्हणाला.

आणि खरंच चुकला नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तो झाडूसारखा ताठ उभा राहिला. ती बघे, तोही बघे, पण जागचा तसूभर हलत नसे. मोजपट्टी दोघांच्या मध्ये ताणलेली. ढग आला तरी त्या दिवशी जहाजाची गोष्ट निघाली नाही. "आज फारच शांत आहे," आत्या जिन्यातून म्हणाली, पण या वेळी तिच्या आवाजात काळजी होती.

सर्कशीतली बाई होऊन ती कॅमेऱ्यामागे वाकली तेव्हा तिला ते उमगलं. कडं जरासं फिरवताच तो लख्ख दिसला. फोटो उत्तम येणार होते. आणि हा माणूस, ज्याला ती जायला नको होती, तिला पाठवायला म्हणून स्वतःला फळीला चिकटवून घेऊन उभा होता. तिला रडू फुटलं. पण डोळ्यांना रंग लावलेला होता म्हणून तिने ते गिळलं आणि कळ दाबली.

शेवटी त्याने मोजपट्टी गुंडाळली. "निवडतील तुम्हाला," तो म्हणाला. निवडतील की नाही देव जाणे, असं ती म्हणणार होती, तोवर तो जिना उतरला होता.

त्यानंतरचे सहा रविवार कसे गेले ते तिलाच ठाऊक. फोटो पाठवून झाले होते, पोशाख लागत नव्हते, आता त्याला बोलवायचं कुठल्या तोंडाने? ती माडीवर जाऊन बसायची. उगीचच कॅमेऱ्याला डोळा लावायची. कडं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची, पण समोर कोणी नसल्यावर स्पष्ट काय होणार? कधी वाटायचं, कप्तानाचा कोट मागून आणावा. कप्तान एका दमात सगळं सांगून मोकळा होईल. मग स्वतःचीच लाज वाटायची. पत्र यावं असंही वाटे आणि येऊ नये असंही.

पत्र आलं. निवड झाली होती. नऊ दिवसांत हजर व्हायचं होतं. आत्याने तिला घट्ट जवळ घेतलं, डोळे पुसले, मग तिला हातभर लांब धरून म्हणाली, "जा बाई, जाच. पण त्या टाचणीवाल्याला कोण सांगणार? मी?"

त्याच संध्याकाळी ती ऑफिसातून थेट त्याच्या दुकानात गेली. करडा ड्रेस, गळ्यात ओळखपत्र. दुकानात टेबलावर एक जाडजूड नट उभा होता, अंगात राजाचा अर्धवट शिवलेला झगा, एका बाहीचा पत्ताच नव्हता. तो टेबलाशी वाकून राजाच्या झग्याचा घेर मोजत होता. तिला बघून सरळ झाला.

"काय हवंय?" मग तिचा चेहरा बघून, हलकेच, "कोण होणार आता?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. "मीच आलेय."

राजाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी खाली उतरू का?"

"हलू नका!" दोघंही एकदम म्हणाली.

"माझी निवड झाली," ती म्हणाली. "नऊ दिवसांनी जायचंय. मी जाणार आहे."

"मला माहीतच..."

"थांब. मध्ये बोललास तर मला पुन्हा जमायचं नाही." तिने ओळखपत्र मुठीत घट्ट धरलं. "कप्तान छान बोलायचा. मला तसं येत नाही. मला... मला तू आवडतोस. तू पुढे झुकलास म्हणून नाही. म्हणजे, म्हणूनही. पण त्या रविवारी तू इतका सरळ उभा राहिलास ना, तेव्हा मला कळलं. तू गेल्यावर मी जिन्यात बसून रडले. आत्याला विचार हवं तर, तिथेच होती ती. आणि मला जायचंही आहे, खूप आहे, आणि तुला सोडून जायचं नाहीये. दोन्ही मीच म्हणतेय. झालं. एवढंच."

बोलून टाकलं की हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. कसलं हलकं? तासापूर्वी नऊ दिवस नुसते नऊ दिवस होते. आता त्यातला एकेक दिवस तिला हातातून सुटताना दिसायला लागला. नाक गळायला आलं होतं, आणि राजा वरून अगदी डोळे भरून तिच्याकडे बघत होता. तरी तिला तिथून पळून जावंसं वाटलं नाही.

त्याने मोजपट्टी टेबलावर ठेवली. ती घसरून खाली पडली. त्याने उचलली नाही.

"मी एक भाषण पाठ केलं होतं," तो म्हणाला. "तू कधी आलीस तर म्हणायला. सुखाने जा, नीट शिका, माझी काही काळजी करू नका – असं बरंच."

"मग म्हण."

"नाही म्हणत." तो पुढे आला. वीतभर नव्हे, चांगला चार पावलं, तिच्या अगदी समोर. "अकरा तास लागतात तिथे जायला. विचारून ठेवलंय मी. नाटकांचा हंगाम संपला की येईन. पुढच्या वर्षीही येईन. तू जायचं. पण सुखाने नको जाऊस... थोडी रडत जा."

"थोडी?" ती म्हणाली, आणि पुढचं काही तिला बोलता आलं नाही, कारण ती हमसून हमसून रडत होती आणि त्याने तिला आपल्या अंगाशी धरलं होतं. वर उभ्या राजाने एकुलत्या एका बाहीने आपले डोळे पुसले.